सुट्टीतले घर

तुमच्या गावात एक तरी घर असे असेल, की ज्याच्या दाराला वर्षातले दहा-अकरा महिने कुलूप असते. अंगणात पालापाचोळा साचलेला, वृंदावनात तुळस नाही, पडवीच्या कोपऱ्यात कुत्रीने पिले घातलेली. येणारा-जाणारा तिकडे पाहतही नाही. मग एप्रिलातल्या परीक्षा संपतात, आणि एके दिवशी सकाळी त्या घराची सगळी दारे-खिडक्या उघडलेल्या दिसतात. गाद्या उन्हात पडतात, विहिरीवर पोहऱ्याचा आवाज येतो, आणि ज्यांची तोंडे ओळखीची पण नावे ठाऊक नाहीत अशी दहा-पंधरा पोरे आंब्याखाली धुडगूस घालू लागतात. मुंबईकर आले, असे आपण म्हणतो. मृगाच्या तोंडाशी पुन्हा दाराला कुलूप.

आज त्या घराविषयी बोलायचे आहे. हे घर त्या मंडळींचे अतिशय लाडके असते. मुंबईत, पुण्यात, बडोद्यात, कोठेही गाठून विचारा. गावच्या घराची गोष्ट निघाली की माणूस सैल होतो, आजोबांच्या झोपाळ्यापासून फणसाच्या आठळ्यांपर्यंत सगळे सांगत सुटतो. खोटे बोलत नाही तो. त्याच्या आजोबाचे, बापाचे, त्याचे स्वतःचे आणि त्याच्या मुलांचेही त्या घरावर खरेच प्रेम असते. आणि तरीही तुम्ही पाहिले असेल, की असे एखादे घर पाच-दहा वर्षांत वाकते, पाठीत मोडते, आणि मग एका पावसाळ्यात बसते. चार पिढ्या प्रेम करताहेत आणि घर पडते आहे, ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, हे थोडे उलगडून पाहू.

उदाहरण आमच्याच घराचे घेतो, म्हणजे कोणाला राग यायला नको. आमचे घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून फारसे लांब नाही. माजघराच्या तुळईवर शके १८४४ असे कोरलेले आहे. म्हणजे इसवी सन १९२२-२३. पणजोबांनी ते बांधले तेव्हा सुट्टी हा शब्द त्या घरात कोणी उच्चारीत नसेल. ते राहण्याचे घर होते. मागे गोठा, माळ्यावर भाताची कणगी, पुढे खळे, बाजूला नारळी-पोफळी. सुट्टीत येऊन राहण्यासाठी म्हणून कोकणात घर बांधण्याची चाल नव्हतीच. राहते घर सुट्टीचे घर होते ते हळूहळू, घरच्या माणसांच्या नकळत.

कसे होते ते पाहा. जमीन थोडी, तीही डोंगरउताराची. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पण चार महिन्यांत वाहून जाणारा. भाताचे एक पीक आले की संपले. १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी काढण्याचा उद्योग सुरू झाला, आणि त्यानंतर जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातला, कर्ता पुरुष मुंबईची वाट चालू लागला. बायका, म्हातारी माणसे आणि लहान मुले गावी राहत. मनिऑर्डर गावी येई. गिरणीत चाकरी करणारा तो चाकरमानी. आमचे आजोबाही गिरणीत लागले. त्यांच्या मनातून मुंबईची खोली ही धर्मशाळा आणि गावचे घर हे घर होते. पुढे माझ्या वडिलांनी मुंबईत बिऱ्हाड थाटले. त्यांच्या मनात दोन्ही घरे सारखी झाली. आमच्या पिढीला गावचे घर म्हणजे मे महिना. आणि आमच्या मुलांना ते घर म्हणजे चार दिवस, त्यातही पडवीच्या उत्तरेकडच्या खांबापाशी, कारण मोबाईलला रेंज तेवढीच तिथे येते. एकच घर, पण प्रत्येक पिढीने निराळ्याच घरावर प्रेम केले. हे नीट ध्यानात घ्या, कारण पुढची सगळी भांडणे इथून उगवतात.

वडिलांच्या लहानपणी गावी जायचे म्हणजे आगबोट. भाऊच्या धक्क्यावरून बोट निघायची. घरातली वडीलधारी माणसे तांब्या, वळकटी, खाऊचा डबा घेऊन डेकवर जागा धरायची. हर्णै बंदरात बोट धक्क्याला लागत नसे, ती लांब समुद्रात उभी राही. किनाऱ्यावरून पडाव येऊन तिला भिडत, आणि लाट वर आली की खलाशी पोरांना अल्लद झेलून पडावात घेत. वडील सत्तरीच्या पुढे गेले आहेत, पण त्या झेलण्याची गोष्ट सांगताना अजून हात पुढे करतात. पावसाळ्याच्या आधी बोटी बंद पडत, म्हणून परतीचा दिवस ठरलेला असे. पण तोवर महिना-सव्वा महिना मुक्काम होई. मुक्काम एवढा लांबला की पाहुणाही कामाला लागतो. वडील आणि त्यांची भावंडे गावी आली की बेड्यातली लाकडे फोडीत, आगोटीची चुलीची सोय करून ठेवीत, कोकमे वाळवीत, आजीबरोबर खळे सारवीत.

पुढे बोटी गेल्या, एस.टी. आली. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली, आणि रात्री निघालेला माणूस पहाटे खेड स्टेशनात उतरून सकाळच्या चहाला घरी पोचू लागला. सोय फार मोठी झाली, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण येणे सोपे झाले तसे राहणे आखूड झाले. चार दिवस राहणाऱ्या माणसाला कोण लाकडे फोडायला लावील? तो पाहुणाच राहतो. आपल्या स्वतःच्या घरात पाहुणा!

आता घराकडे वळू. शहरातल्या सिमेंटच्या खोलीला कुलूप लावून गेले, तर वर्षभराने धूळ तेवढी झाडावी लागते. गावचे घर तसे नाही. त्याचे चिरे जांभ्याचे. जांभा हा दगड खाणीतून ताजा काढला की मऊ असतो, कुऱ्हाडीनेसुद्धा तासता येतो, आणि वारा लागून पुढे टणक होतो. पण जुन्या घरांत ते चिरे मातीत रचलेले असतात. चुन्यात रचण्याची ऐपत थोड्यांची होती. वर ऐन-किंजळीचे वासे, त्यांवर रिपा, आणि रिपांवर कौले. पूर्वी गावच्या कुंभाराचे नळे असत. १८६५ साली मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला, आणि त्या नमुन्याची चपटी, खाचेची कौले पुढे सगळ्या किनाऱ्यावर पसरली. चौरस मीटरला साधारण पंधरा कौले लागतात. आमच्या छपरावर अशी तीन हजारांच्या आसपास आहेत.

त्यांतले एक फुटते. माकडांची टोळी जाते, वरून नारळ पडतो, नाहीतर नुसता उन्हाने तडा जातो. घरात माणूस असेल तर पहिल्याच सरीला थेंब अंगावर पडतो, तो खाली भांडे ठेवतो, आणि उघडीप मिळताच काठीने कौल सरकवून किंवा वर चढून ते बदलतो. दहा मिनिटांचे काम. घरात माणूस नसेल तर तेच पाणी रिपेवरून वाशावर येते, वाशावरून ओघळत भिंतीच्या माथ्याशी जाते. तिथे ते मुरते. भिंतीतली माती भिजून धुपू लागते, वाशाचे टोक कुजते, आणि ओल्या लाकडाला वाळवी लागते. वाळवीला काय हवे असते? अंधार, ओल आणि शांतता. बंद घरात तिन्ही गोष्टी फुकट! ती जमिनीतून मातीच्या नळ्या करीत भिंतीवर चढते आणि वासा आतून पोखरते. बाहेरून तो अखंड दिसतो. दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात वासा खचला की शेजारची पन्नास कौले घसरतात. मग घर उघड्यावर पडते. सुरुवात झाली होती एका कौलापासून.

राहत्या घरात ह्या सगळ्यावर काही उपाय आपोआप होत असतात, आणि ते करताना आपण उपाय करतो आहोत हे कोणाला जाणवतही नाही. चूल पेटते. तिचा धूर माळ्यातून, कौलांच्या फटींतून बाहेर जातो. जाताना लाकूड कोरडे ठेवतो, त्यावर काजळीचा थर चढवतो. जुन्या घरात स्वयंपाकघरावरचे वासे पाहा, काळे कुळकुळीत पण खणखणीत असतात; माजघराच्या टोकाचे वासे दिसायला स्वच्छ, आणि पोकळ. जमीन शेणाने सारवली जाते, म्हणून ती उखणत नाही आणि उंदराचे बीळ दुसऱ्या दिवशीच कळते. विहिरीचे पाणी रोज उपसले जाते, म्हणून ते नितळ राहते. दारे उघडतात, वारा खेळतो. घरात माणसाचा वावर हाच त्या घराचा औषधोपचार असतो.

आणि वर्षातून एकदा शाकारणी. देशावरच्या श्रोत्यांसाठी सांगतो, शाकारणी म्हणजे पावसापूर्वी छप्पर उलगडून पुन्हा रचणे. एक-दोन गडी वर चढतात, खालून कौले द्यायला एक जण लागतो. वळचणीपासून ओळीने कौले उचलायची. फुटकी बाजूला काढायची, शेवाळ धरलेली घासायची. रिपांवर साचलेला पाला आणि पाखरांची घरटी झाडून काढायची. कुजलेली रीप बदलायची. आणि खाचेत खाच बसवीत पुन्हा वर जायचे. आढ्यावरची वाकडी कौले चुन्याने किंवा सिमेंटने पक्की करायची. हे काम वैशाखअखेर ते मृग ह्या पंधरा-वीस दिवसांतच व्हावे लागते. आधी केले तर माकडे पुन्हा फोडतात, नंतर पाऊस गाठतो. आता गंमत पाहा. नेमक्या ह्याच दिवसांत मुंबईची मंडळी परतीच्या गाडीत बसलेली असतात. मुलांच्या शाळा, वह्या-पुस्तके, गणवेश. म्हणजे ज्या महिन्यात घर माणसांनी भरलेले असते तो मे महिना घराच्या गरजेचा नव्हे; घराला गरज असते ती जूनच्या पहिल्या आठवड्यात, आणि मग श्रावणातल्या त्या वादळी रात्री, जेव्हा तिथे कोणी नसते.

मग इतकी वर्षे आमचे घर टिकले कसे? थोरल्या काकांमुळे. पाच भावंडांतले ते एकटे गावी राहिले. बागेचे पाहिले, आजीला शेवटपर्यंत सांभाळले. प्रत्येक मे महिन्यात आम्ही जायचो, काकू सगळ्यांना पेज वाढायची, आंबापोळीची ताटे उन्हात टाकायची. तेरा चुलत-आते-मामे भावंडांची उंची माजघराच्या खांबावर खिळ्याने कोरलेली आहे. सगळ्यांत वरची रेघ माझी, हे मी मुलांना अजून अभिमानाने दाखवतो. आम्ही निघालो की काका पाणंदीच्या वळणापर्यंत यायचे. त्यानंतर ते घरी जाऊन शाकारणीच्या गड्यांना निरोप धाडायचे, हे मला चाळिशीला टेकेपर्यंत ठाऊक नव्हते.

काका २०१६ साली गेले. दिवसकार्य आटोपल्यावर त्यांच्या फडताळात लाल बांधणीच्या वह्या सापडल्या. घरखर्चाचा हिशेब होता. मी अर्थशास्त्राचा शिक्षक, जमाखर्च दिसला की वाचायची सवय. कौले किती, रिपा किती, गड्यांची मजुरी, घरपट्टी, विहिरीचा गाळ काढल्याचे पैसे, सगळे त्यांच्या मोडी वळणाच्या अक्षरात लिहिलेले. प्रत्येक वर्षाच्या पानावर उजव्या हाताला एक रकाना आखलेला, मथळा ‘मुंबईकडून’. एक-दोन वर्षी त्यात काही आकडे आहेत. बाकी पानांवर त्या रकान्यात आडवी रेघ. काकांनी आमच्याकडे कधी पैसे मागितले नाहीत, आणि आम्ही कधी विचारले नाही. आम्ही येताना मिठाई आणीत होतो, काकूला लुगडे आणीत होतो. आमच्या मते तो आमचा वाटा होता. वडिलांनी ती वही पाहिली आणि मिटून ठेवली. त्या रात्री ते जेवले नाहीत.

काकू मुलीकडे चिपळूणला गेली, आणि त्या वर्षापासून घराला कुलूप लागले. किल्ली शेजाऱ्यांकडे. तुमच्यापैकी अनेकांकडे अशा किल्ल्या असतील. किल्ली ठेवणाऱ्यावर केवढे ओझे असते ते मुंबईकराला कळत नाही. रात्री दाराचा आवाज झाला तरी उठून पाहायचे, साप निघाला तरी तुम्हीच, आणि घराची भिंत वाटेवर आली तर तक्रारही तुमच्याकडेच. हे सारे शेजारधर्म ह्या एका शब्दात बसवून आम्ही मोकळे!

आता कुलूप लागल्यावर पहिला प्रश्न उभा राहतो तो हा की घर आहे कोणाचे? इथे थोडा कायदा पाहावा लागेल, पण तो कंटाळवाणा नाही. समजा, घर एका माणसाने स्वकष्टाने बांधले आणि मृत्युपत्र न करता तो १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर वारला. पत्नी, मुलगे आणि मुली ह्यांना सारखे हिस्से मिळतात. पत्नीही गेली, मुले पाच, तर प्रत्येकी एकपंचमांश. त्या पाचांची प्रत्येकी तीन मुले धरली तर नातवाचा हिस्सा एकपंधरांश. त्यांची दोन-दोन मुले, म्हणजे एकतीसांश. शिक्षक मंडळींनी अपूर्णांकांचा गुणाकार शिकवताना हे उदाहरण फळ्यावर घालून पाहावे. मुलांना आपापली घरे आठवतील. एकतीसांश घर म्हणजे आमच्या छपराच्या हिशेबाने शंभर कौले. त्याच्याने ना राहता येते, ना विकता येते. पण काही करायचे म्हटले की सही मात्र तीसही जणांची लागते. वडिलार्जित घरात हिशेब ह्याहून गुंतागुंतीचा असतो. कोण केव्हा वारले, घर कोणी केव्हा बांधले, ह्यावर तो अवलंबून राहतो, तेव्हा आपापल्या घरापुरते वकिलाला विचारावे हे बरे.

मुलींच्या हक्काविषयी मात्र स्पष्ट बोलायला हवे, कारण गावोगाव त्याविषयी चुकीच्या समजुती आहेत. १९५६ च्या कायद्यात तेविसावे कलम होते. घरात वारस कुटुंब राहत असेल, तर मुलगे आपसांत वाटणी करीत नाहीत तोवर मुलीने राहत्या घराची वाटणी मागायची नाही, असे ते कलम म्हणे. २००५ च्या दुरुस्तीने ते काढून टाकले, आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्माने मुलाइतकीच हिस्सेदार ठरली. महाराष्ट्राने त्या दिशेने १९९४ सालीच पाऊल टाकले होते, पण ते अपुरे होते. पुढे २०२० च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असायलाच हवे होते असे नाही. तेव्हा ‘बहिणीचे लग्न झाले, तिचा काय संबंध’ हे आता कायद्यात चालत नाही. तिला हक्क सोडायचा असेल तर तिने तो स्वखुशीने, नोंदवलेल्या दस्ताने सोडावा लागतो. गप्प राहिली म्हणून हक्क गेला असे होत नाही.

आणखी दोन गोष्टी उपयोगाच्या आहेत. वीस वर्षे गावी गेलो नाही म्हणून हिस्सा बुडत नाही. एक हिस्सेदार घरात राहतो तो सगळ्यांच्या वतीने राहतो असेच धरतात, जोवर तो उघडपणे इतरांचा हक्क नाकारीत नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर एकट्याचे नाव असले, तरी ती घरपट्टीची नोंद आहे, तेवढ्याने बाकीचे वारस बाद होत नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे, एखाद्या भावाने रागाने आपला हिस्सा परक्याला विकला, तर तो परका लगेच पडवीत येऊन खाट टाकू शकत नाही; १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा त्याला कुटुंबाच्या राहत्या घरात सामाईक ताबा देत नाही. आणि त्याने वाटणीचा दावा लावलाच, तर १८९३ च्या वाटपाच्या कायद्याप्रमाणे घरच्या हिस्सेदाराला कोर्ट ठरवील त्या किमतीत तो हिस्सा परत घेण्याची संधी मिळते. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी कायदा करणाऱ्यांनाही घर आणि शेत ह्यांत फरक आहे हे समजले होते.

आमच्याकडे ह्या सगळ्याची वेळ आली ती २०२० साली. त्या वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढले. दापोली, मंडणगडातही त्याने नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या. टाळेबंदी चालू होती. शेजाऱ्यांनी मोबाईलवर फोटो पाठवला. पश्चिमेच्या पाखीवरची कौले वाऱ्याने पत्त्यांसारखी उडालेली, माजघरात उजेड पडलेला. आम्ही तेरा भावंडे आपापल्या घरांत बसून तो फोटो मोठा करकरून पाहत होतो. जाता कोणालाच येईना. त्यांचे स्वतःचे घर दुरुस्त व्हायचे होते, तरी शेजाऱ्यांनी आमच्यावर ताडपत्री टाकली. ती पहिल्या मोठ्या वाऱ्यात फाटली. पंचनाम्याला घरचे माणूस हजर नव्हते. आम्ही पोचलो दिवाळीत. भिंतीचा एक कोपरा बसलेला होता. उंचीच्या रेघांचा खांब उभा होता, पण बुंध्याशी बोट रुतत होते.

मग फोनवर बैठका सुरू झाल्या. दोन तट पडले. एक म्हणे, विका. गिऱ्हाईक आले आहे, जागेला भाव चांगला आहे, दुरुस्तीत पैसा ओतून चार दिवसांसाठी काय मिळणार? दुसरा तट म्हणे, आजोबांचे घर विकायचे नाही. परंतु दुरुस्तीचा आकडा पुढे आला की त्यांतल्या बऱ्याच जणांचा फोन लागेनासा होई. विकणाऱ्यांचा मला राग आला होता, हे कबूल करतो. आज वाटते की त्यांचे म्हणणे निदान सरळ होते. आमच्या तटातला मी सगळ्यांत मोठ्याने बोलत होतो, आणि काकांच्या वहीतल्या आडव्या रेघांत माझ्या कमाईची दहा-बारा वर्षे होती.

विक्रीसाठी कागद तयार झाले तेव्हा ध्यानात आले, की धाकट्या आत्याची सही लागते. तिला कोणी विचारलेच नव्हते. थोरली आत्या हयात नाही, तिच्या मुलांनी बडोद्याहून सही द्यायचे कबूल केले होते. धाकटी चौऱ्याहत्तर वर्षांची, पुण्याला असते. ती तर सही करणारच, असे सगळ्यांनी गृहीत धरलेले. मी कागद घेऊन तिच्याकडे गेलो. तिने ते चष्मा लावून सावकाश वाचले. म्हणाली, “बाबा रे, लग्न झाल्यापासून त्या घरात मला कोणी ‘तू कधी येतेस’ असं विचारायचं, ‘तू काय म्हणतेस’ असं कधी विचारलं नाही. आज पहिल्यांदा विचारायला आलायस, तेही सहीसाठी. मी सही करीन. पण उघड्या छपराचं घर मी विकणार नाही. आधी कौलं चढवा, मग माझ्यासमोर बसून बोला.” आणि तिने कपाटातून पासबुक काढले.

पुढचे थोडक्यात सांगतो. आत्याने पैसे दिल्यावर न देणे कोणालाच शोभेना. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा छपराचे अर्धे काम झाले होते, तेवढे टिकले. खांबाचा बुंधा कापून खाली जांभ्याचा चिरा बसवला, त्यामुळे सगळ्यांच्या उंचीच्या रेघा जागच्या जागी राहिल्या. काकांच्या वह्या मी पुढे चालवतो. उजवीकडचा रकाना आता पाच खात्यांत विभागला आहे, त्यांत दोन आत्यांची आहेत. दर वर्षी १ मे रोजी प्रत्येक खात्याने ठरलेली रक्कम भरायची. जूनच्या शाकारणीला एका खात्याच्या माणसाने पाळीने हजर राहायचे, मग कचेरीतून रजा मिळो न मिळो. किल्ली ठेवणाऱ्या शेजाऱ्यांना वर्षाचा मोबदला द्यायचा, आणि तो भेट म्हणून नव्हे, हिशेबात लिहून. विकायचे की ठेवायचे ह्याचा निकाल मात्र अजून लागलेला नाही. दोन भावंडांना पैशांची खरोखरच गरज आहे, आणि त्यांचा हिस्सा बाकीच्यांनी विकत घ्यावा अशी बोलणी चालली आहेत. ती कधी गोडीने चालतात, कधी नाही.

गेल्या मे महिन्यात आत्या आली होती. स्वयंपाकघरात गॅस आहे, शेगडी आहे. तिने जुन्या चुलीवरची पाटी काढायला लावली, बेड्यातून लाकडे आणवली आणि नुसते पाणी तापवायला म्हणून चूल पेटवली. लाकडे दमट होती. धूर माळ्यावर गेला, कौलांतून बाहेर निघाला. मुले खोकत खळ्यात पळाली, आणि पलीकडून शेजाऱ्यांनी हाक मारून विचारले, काही पेटलंय का म्हणून.